नाथाबाबांची आगाऊ नोंदणी

“हे वाच बाई. तुला जुनं-नवं समदं वाचता येतं म्हणत्यात ना? मंग हे वाच.”

नाथाबाबा कुट्यांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. सायखेड्याहून सकाळच्या एसटीने आले होते. धोतर स्वच्छ, टोपी कडक, वय एक्क्याऐंशी. आमचा जिना ते एका दमात चढून आले होते. मला त्याच जिन्यावर दोनदा थांबावं लागतं.

मी चष्मा लावला. ‘आदरणीय नाथाजी, आपल्या घराण्याच्या पाच पिढ्यांच्या नोंदींनुसार आपल्या कुटुंबासाठी हीच योग्य वेळ आहे. गंगाघाटावरील दशक्रिया विधीची आगाऊ नोंदणी आजच करा. जागा, गुरुजी, साहित्य, जेवण, सारे एकाच ठिकाणी. पहिल्या शंभर कुटुंबांना खास सवलत.’ खाली जोडलेले हात आणि त्याखाली आमच्या शेखरगुरुजींचा हसरा फोटो.

“बाबा, तुम्हाला तर वाचता येतं.”

“येतं की. नातवानं बी वाचलं. पर मला वाटलं आमी दोघं चुकतोय. दहावं कुणाचं? घरात तर समदे धडधाकट हायेत. मंग सून रडाया लागली, तवा कळलं. माझंच हाय.”

आणि ते चक्क हसले. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांच्या त्या हसण्याने मला माझीच किळस आली, कारण त्या पाच पिढ्या मीच वाचून दाखवल्या होत्या.

गंगेवर क्रियाकर्माला येणाऱ्या घराण्यांची नावं आमच्या तीर्थोपाध्यायांच्या गादीवर नामावळीच्या लांबलचक वह्यांत असतात. कोण गेलं ते वर कारकून लिहितो; मागे कोण आहे, गाव कुठलं, हे आलेला माणूस स्वतःच्या हाताने लिहितो. आमच्या गादीवर मृताचं आणि मागे असलेल्यांचं वय लिहायचीही पद्धत आहे. जुन्या वह्या सगळ्या मोडी लिपीत. माझे यजमान किशोर इथे कारकून होते, संध्याकाळी घरी त्यांनीच मला मोडी शिकवली. ते गेल्यावर थोरल्या गुरुजींनी मला त्यांच्याच उतरत्या डेस्कापाशी बसवलं, त्याला नऊ वर्षं झाली. लोक येतात, गाव आणि आडनाव सांगतात, मी वही काढते आणि त्यांच्या पणजोबांचं नाव मोठ्याने वाचते. धिप्पाड माणसं लहान मुलासारखी पानाला हात लावून कपाळाला लावतात. माझं पोट या वाचण्यावर चालतं आणि खरं सांगायचं तर नुसतं पोट नाही. मधल्या वीस वर्षांच्या वह्यांत किशोरचं अक्षर आहे. रोज एकदा तरी ते डोळ्यांखालून जातं.

थोरले गुरुजी वारले. त्यांचे चिरंजीव शेखरगुरुजी एमबीए करून गादीवर बसले आणि कुठल्याशा कंपनीच्या ललितला घेऊन आले. “काकू, वह्यांना वाळवी लागते. कॉम्प्युटरमध्ये घेऊ. लोकांना नाव पटकन सापडेल.” याला कोण नाही म्हणेल? सहा महिने मी वाचत होते आणि ललित टाइप करत होता. नाव, गाव, वय. नव्या वह्यांतली हयात माणसं, त्यांचे फोन. मी तर हौसेने सूर लावून वाचत होते. वर त्याला आल्याचा चहा करून देत होते. मूर्ख बाई.

नाथाबाबांना घेऊन मी आतल्या खोलीत गेले. गुरुजी सोवळ्यात होते, मनगटावर ते चमकणारं घड्याळ. ललित लॅपटॉपपाशी. मी मेसेज दाखवला. मला वाटलं होतं, दोघं वरमतील. ललितचा तर चेहराच खुलला.

“मिळाला ना? म्हणजे सिस्टिम चालतेय! काकू, कस्टमरला स्वतःची गरज कळायच्या आधी आपल्याला कळली पाहिजे. आजकाल सर्व्हिस म्हणजे हेच. आणि हे सगळं तुमच्यामुळे झालंय. जुना डेटा नसता तर प्रत्येक घराण्याचं सरासरी वय निघालंच नसतं.”

त्याने लॅपटॉप आमच्याकडे वळवला. नावांच्या ओळीच ओळी, काही पिवळ्या, काही लाल. लाल ओळींपुढे ‘हॉट’ असं लिहिलेलं.

“हॉट म्हणजे?” मी विचारलं.

“लवकर गिऱ्हाईक होण्याची शक्यता जास्त. आता हे बघा, कुट्यांचे पुरुष सरासरी अठ्ठ्याहत्तर वर्षं जगतात. बाबा तर तीन वर्षं वरच आहेत.”

“म्हंजे मला उशीर झाला व्हय?” नाथाबाबा म्हणाले.

ललित हसला. त्याला तो विनोद वाटला. मी नजर चुकवायला पडद्याकडे बघितलं, तर तिथे खालून चौथ्या ओळीत भागीबाई, देवळा, वय एकोणऐंशी. लाल. त्या पानावरची नावं वाचतानाचा माझाच आवाज मला आठवला. ‘आणि ही माझी आई बरं का,’ असं मी कौतुकाने सांगितलंही होतं. ललितने मान डोलावली होती आणि टाइप केलं होतं.

“ही माझी आई आहे,” मी म्हणाले.

“ओह, सॉरी काकू. त्यांचा नंबर काढून टाकतो. स्टाफ फॅमिली.”

आई काल फोनवर पापड लाटल्याचं सांगत होती.

“काकू, भावनिक होऊ नका,” गुरुजी समजुतीच्या सुरात म्हणाले. “ऐन वेळी लोकांची किती धावपळ होते, तुम्ही रोज बघता. आपण ती वाचवतोय. शेवटी सेवाच आहे ही. दोघा-चौघांना राग येणारच. पण रिस्पॉन्स बघा, चाळीस मुलांनी नोंदणी केलीसुद्धा.”

“बापाला सांगून?”

गुरुजींनी घड्याळात पाहिलं. चाळीस घरं. त्या घरांत कुठेतरी म्हातारा ओट्यावर बसून नातवाला खेळवत असेल आणि आत पोराने त्याच्या दहाव्याचं जेवण ठरवून ठेवलेलं. विकणारे तसले, घेणारेही तसलेच. सगळ्यांचीच शिसारी आली.

“मला वादावादी नाय करायची,” नाथाबाबा म्हणाले. “माझं नाव काडा तुमच्या वहीतून.”

आता मात्र गुरुजी गडबडले. वहीतलं नाव कधी खोडत नाहीत. दीडशे वर्षांत आमच्या गादीवर एकही नाव खोडलेलं नाही, भावाभावांची डोकी फुटली त्या घराण्यांचंसुद्धा नाही.

मी बाहेर येऊन वही काढली. अकरा वर्षांपूर्वीचं पान. वर किशोरच्या गोलसर अक्षरात ‘कै. सौ. मैना नाथा कुटे, वय ६६’. खाली नाथाबाबांची वाकडीतिकडी सही आणि फोनचा नंबर. बाबांनी माझ्याकडून पेन घेतलं, स्वतःच्या सहीवर टेकवलं आणि परत उचललं.

“नाव राहू द्या,” ते हळूच म्हणाले. “मैनेच्या नावाखाली हाय ते.”

मग त्यांनी फक्त नंबर खोडला. एकेक आकडा, सावकाश, कागद फाटेल इतक्या जोराने. कॉम्प्युटरमधला नंबर त्याने जाणार नव्हता. मला ते ठाऊक होतं, बहुधा त्यांनाही. पेनाला टोपण लावून त्यांनी ते मला परत दिलं.

“माझ्यामागं लेकाला हितंच धाडीन मी. पर वाचायला तूच पायजे बरं का. त्या पोराच्या डब्यावरून नको.”

मी हो म्हणून मान हलवली. एवढं खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि तेही तोंड न उघडता. ते जिना उतरून गेले. कठडा न धरता.

दुपारी गुरुजींनी लाल फडक्यातली एक वही माझ्या डेस्कावर आणून ठेवली. “काकू, मोडीच्या सातच राहिल्यात. महिनाभरात संपवू. चांदवडकडची घराणी आहेत ही, मोठी माणसं.”

मी वही उघडली. पहिलीच ओळ स्वच्छ दिसत होती. सावळीराम, त्याचा मुलगा, त्याचे तीन नातू. ललित बोटं मोडून टाइप करायला तयार बसला होता.

“अक्षर लागत नाही,” मी म्हणाले.

“असं कसं? काल तर वाचत होतात!” ललित म्हणाला.

“काल लागत होतं.”

गुरुजींना कळलं. कान लाल झाले. “आम्हाला पुण्याहून माणूस आणता येईल, काकू. तुमची जागा मात्र जाईल.”

“आणा.”

आणतीलच. मोडी वाचणारे का कमी आहेत? राहिलेल्या सात वह्याही वाचल्या जातील आणि चांदवडकडचे म्हातारेही लाल होतील. माझ्याने ते थांबणार नव्हतं. पण माझ्या आवाजात होणार नव्हतं, एवढंच.

मी चष्मा डबीत ठेवला. किशोरच्या वह्यांच्या कप्प्यावरून एकदा हात फिरवला. घेता आली असती तर एक पिशवीत टाकली असती, पण त्यांत माणसांची नावं आहेत, त्या माझ्या नाहीत. डेस्काची किल्ली गुरुजींच्या पुढ्यात ठेवली आणि चपला घालायला दाराशी आले.

मागे वळून पाहिलं तर गुरुजी माझ्या जागेवर बसून त्या वहीत डोकं घालून बघत होते. कपाळाला आठ्या, एक बोट ओळीवरून फिरतंय. वही त्यांनी उलटी धरली होती.

मी कठडा धरून जिना उतरायला लागले.