नवव्या झेंड्याचं खळं

फाल्गुन लागला, पळस पेटला, तरी माळावर खेळायला चिटपाखरू आलं नाही.

पुना रोज उजाडताच झोपडीबाहेर पडायचा. ओल्या गोणपाटाला दोरी बांधून तो ते एकेका बरौनच्या वाळूवरून गोल गोल ओढायचा. रात्री कुत्रं फिरलं असेल, तितर चाललं असेल, त्यांची पावलं पुसून जायची. वाळू आरशासारखी व्हायची. मग तो काठीचं लाल फडकं झटकून सारखं करायचा आणि धुळ्याच्या रस्त्याकडे बघायचा. रस्त्यावर कापसाच्या गाड्या असायच्या. माळाकडे वळणारं कोणी नसायचं.

हा माळ साहेबलोकांनी गोल्फसाठी घेतला होता. विलायतेत म्हणे या खेळाला हिरवळ लागते. लळिंगच्या वाटेवरच्या खडकाळ माळावर हिरवळ कुठून आणायची? म्हणून गवताऐवजी गोल, सपाट जागा करायच्या, त्यांवर बारीक वाळू पसरायची आणि ती उडू नये म्हणून तिला जळकं तेल पाजायचं. मधोमध एक भोक आणि भोकात झेंड्याची काठी. लांबून मारत आणलेला चेंडू शेवटी त्या भोकात घालायचा, की झाला खेळ. वाळूचा रंग मातकट, म्हणून साहेब त्या जागेला ब्राऊन म्हणायचे. पुनाच्या तोंडी त्याचं बरौन झालं. अशी नऊ बरौनं, आणि नऊही पुनाच्या हातची.

पहिलं केलं तेव्हा तो तरणाताठा होता. मोठ्या साहेबाने हातवारे करून सांगितलं : गोल, सपाट, टणक, मध्ये काठी. पुनाला वाटलं, एवढंच ना? त्याने माती खणली, पाणी मारलं, मध्ये मेढ रोवली, मेढीला बैल बांधून फिरवले, चोपण्याने चोपलं, आणि बायकोला, ताईबाईला, सारवायला बसवलं. साहेब येऊन बघतो तो काय, सुगीचं खळं तयार! साहेब पोट धरधरून हसला. पण जागा मोडली नाही. त्याच खळ्यावर त्याने वाळू ओतायला लावली. तेच आता नववं बरौन. झोपडीसमोरचं, निंबाजवळचं.

निंब ताईबाईने लावलेला. विहिरीवरून घागरी आणून आणून तिने तो जगवला होता. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. पिंपळनेरला बहिणीचा मुलगा होता, तो आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, एखादा सांगावा धाडायचा.

मग लढाई आली, साहेब पांगले. मोठा साहेब जाताना एक जुनी लोखंडी काठी पुनाच्या हातात देऊन गेला. मोडक्या मराठीत म्हणाला, "पुना, हा खेळ एकट्यालाही खेळता येतो." पुनाला तेव्हा ती मोठी देणगी वाटली होती. सकाळचं झाडणं झालं की तो एकटाच पहिल्या झेंड्यापासून नवव्यापर्यंत चेंडू मारत यायचा. साहेबलोक टोले मोजायचे, तसा तोही मोजायचा. फक्त पहिल्या टोल्याला तो एक म्हणायचा नाही. राशीवर धान्य मोजताना पहिल्या मापाला म्हणतात तसं म्हणायचा, "लाभ." मग दोन, तीन. ऐकायला कोणी नसायचं.

क्लबात आता चार-पाच देशी मंडळी उरली होती. त्यांचं सगळं भाईदास वकील बघायचे. माणूस मनाचा उमदा. पौष संपता संपता ते टांग्यातून माळावर आले आणि निंबाखाली उभे राहून म्हणाले, "पुना, समिती मैदान मोडायला निघाली होती. मी अडवलं. विलायतेत मजूरसुद्धा सुट्टीच्या दिवशी हा खेळ खेळतात. तिकडे गावकीची मैदानं असतात. मग आपल्याकडे का नसावं? आजपासून हे सर्वांना खुलं. दोन आणे द्यावेत, काठी-चेंडू क्लबाचा, दिवसभर खेळावं."

"कोन येई, साहेब?"

"येतील की! दवंडी पिटवू. पण आखाजीपर्यंतच मुदत आहे. माणसं आली तर मैदान राहील. नाही आली तर जिनवाला कापसाच्या गाठींसाठी जागा मागतोच आहे."

"अनि मी?"

वकिलांनी झोपडीकडे पाहिलं. "तुझी झोपडी मैदानातच येते, पुना."

दवंडीवाला मगन दुसऱ्या दिवशी डफ घेऊन पुनाकडेच आला. "आबा, वकीलनी कागद दिधा. पन गोल्फ म्हंजे काय रे भाऊ? लोके इचारतीन त काय सांगू?"

पुनाने सांगितलं. त्याला खेळापेक्षा जागाच जास्त ठाऊक. भरभरून सांगितलं : चोपून गुळगुळीत केलेली गोल जागा, मधोमध काठी, वारा चारी बाजूंनी मोकळा, बाजूला निंबाची सावली, प्यायला विहिरीचं पाणी. अशा नऊ जागा. दोन आणे द्या आणि दिवसभर वापरा, जातपात नाही, कोणी हटकणार नाही. मगनने मान डोलावली. गावोगाव त्याने अगदी असंच सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही.

पण माघ कोरडा गेला. दर आठवड्याला यायचा तो फक्त रहीम. तो जिनमध्ये इंजिनावर होता आणि जळक्या तेलाचा डबा आणून द्यायचा.

"आबा, तुझी ही रेती माझ्यापेक्षा चांगलं खाते पिते," रहीम म्हणायचा. "काय कोणी आलं?"

"येतीन."

"जिनवाला शेठ गाठी मोजत बसलाय. तू माझ्याकडे चल. घरवाली जुबेदा म्हणते, आबा एकटा काय करतो तिथं?"

"येतीन रे, रहीम. दवंडी दिधी शे."

आणि होळी झाल्यावर एका सकाळी खरंच माणसं आली.

आधी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पुनाच्या हातून गोणपाट सुटलं. रस्त्यावरून एक गाडी माळाकडे वळली, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. पुनाने धावत जाऊन पागोटं बांधलं. क्लबाच्या काठ्या बाहेर काढून निंबाला टेकवून ठेवल्या. गाड्या जवळ आल्या तेव्हा त्याला दिसलं, गाड्यांत दादरीची, रब्बी ज्वारीची, कणसं शिगोशीग भरली होती.

पुढच्या गाडीवरून एक बाई उतरली. पन्नाशीची, रापलेली, कपाळ मोकळं. तिने कनवटीची दुअन्नी काढून पुनाच्या हातावर ठेवली.

"मी बेबाबाई. कोनतं खयं देस, भाऊ? निंबपानचं भेटी का?"

ती खळं मागते आहे, हे पुनाला आधी उमगलंच नाही. "कसानं खयं?"

"दवंडी नही का दिधी? गोल जागा, मझार काठी, वारा मोकळा, दोन आना. सरकारनी नऊ खया कयात म्हने, बठ्ठासले मोकळा." तिने नवव्या झेंड्याकडे बोट केलं. "ते काय, मेढले फडकं बी बांधेल शे. नजर लागाले नको म्हनीसन, नही का?"

मागच्या गाडीवरचा म्हातारा, झुलालनाना, खाली उतरून बरौनवर आला. वाकून त्याने वाळू चिमटीत घेतली, नाकाला लावली आणि तोंड वाकडं केलं. "माय वं! हाई काय रे? रॉकेल पाजं का काय खयाले?"

"नाना, हाऊ खेळ शे," पुना म्हणाला. "साहेबलोकेस्ना. काठीवरी चेंडू मारानी, अनि त्या भोकमा टाकानी."

"मंग?"

"मंग पुढला भोकमा."

"अनि मंग?"

"नऊ भोके व्हयनात का घर जानी."

झुलालनानाने साऱ्या माळावरून नजर फिरवली. "इतली जमीन! एक चेंडूसाठे!"

सगळे हसले. पुनालाही हसू आलं. चूक मगनची नव्हती. जे सांगितलं ते पुनानेच त्याला सांगितलं होतं. तीस वर्षं ज्याला तो बरौन म्हणत आला, ते त्याच्या मनात खळंच राहिलं होतं.

म्हाताऱ्याने गाडी परत वळवायला घेतली. तिसरी गाडीही वळली. बेबाबाई मात्र जागची हलली नाही.

"तुम्हले बरं शे, तुम्हले गावमा कोनं बी खयं भेटी," ती त्यांना म्हणाली. मग पुनाकडे वळली. "मन्हा देरेस्नी, नवराना भाऊस्नी, माले खयावर पाय ठेवू दिधा नही, भाऊ. म्हने, रांडमुंड बाईनं काय खयं? कनसे घरमा ठेवू त उंदरे खातीन. दवंडी आयकी अनि वाटनं, चला, सरकारले त कीव उनी." तिने गाडीचे बैल सोडले. "दुअन्नी ऱ्हाऊ दे तुनापान. बैल पानी पितीन तवलगून मी सावलीमा बसस."

ती निंबाखाली बसली. पुना तिथेच उभा राहिला. तेलकट वाळूवर मळलेल्या दादरीला असा वास लागला असता की गुरांनीही तोंड लावलं नसतं. तेवढं सांगून तिला वाटेला लावलं असतं तर कोणी त्याला नाव ठेवलं नसतं. बरौन मोडलं तर मात्र वकील विचारणार होते. आणि आखाजी महिन्यावर आली होती.

त्याने झोपडीतून फावडं आणलं.

वाळू ओढून बाजूला करायला त्याला दुपार झाली. परतणाऱ्या गाड्या थबकल्या, झुलालनाना पुटपुटत परत आला आणि त्यानेही पागोटं काढून फावड्याला हात घातला. वाळूखाली जुनं खळं लागलं. ताईबाईने सारवलेलं. पुना गुडघ्यांवर बसून हाताने माती झटकू लागला. सारवताना उमटलेली तिची बोटं तशीच असतील, असं त्याला वाटलं होतं. नव्हती. तेल खाली मुरून जमीन कोळशासारखी काळी झाली होती. ती खरवडावी लागली. विहिरीवरून पाणी आलं, गावातून शेण आलं. झेंड्याचं भोक रुंद करून त्यात बाभळीची मेढ रोवली. बैल फिरले, गाड्यांवरच्या बायांनी सारवलं.

मग चार दिवस माळावर माणसांचा आवाज होता. बैल मेढीभोवती फिरायचे, वाऱ्यावर भुसा उडायचा, निंबाखाली तीन दगडांची चूल पेटायची. बेबाबाई पुनाला न विचारताच त्याची भाकर थापायची. पुना भाकर हातावर घेऊन बसायचा आणि खायचं विसरून बायांची वटवट ऐकत राहायचा.

एकदा बेबाबाईने निंबाला टेकवलेली लोखंडी काठी उचलली. "दाखाड बरं, भाऊ, तुन्हा खेळ."

पुनाने तिच्यापुढे चेंडू ठेवला. तिने पदर खोचला, ऊस तोडावा तशी काठी फिरवली. चेंडू बाभळीच्या पार गेला. बायांनी टाळ्या पिटल्या.

"मी जिकनू का?"

"जिकाले कोनी हाराले पाहिजे ना, अक्का."

"मंग तू कोनसंगे खेळस?"

"एकलाच."

बेबाबाईचं हसू मावळलं. तिने काठी परत निंबाला टेकवली, हलकेच, एखादं आजारी माणूस निजवावं तशी. त्या दिवशी तिने त्याला भाकरीबरोबर गुळाचा खडा दिला.

चौथ्या दिवशी भाईदास वकील टांग्यातून उतरले. त्यांनी लांबूनच गर्दी पाहिली असावी, कारण चेहरा खुलला होता. खळ्यापाशी आल्यावर तो पडला.

"पुना! हे काय?"

"मानसं उनात, साहेब."

"खेळायला?"

वकिलांनी मेढीभोवती फिरणाऱ्या बैलांकडे पाहिलं. मग एकदम खो खो हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसून झाल्यावर रुमालाने डोळे पुसत म्हणाले, "समितीला मी काय सांगू रे?"

"मानसं उनी व्हतीत, इतलं सांगा."

"तेवढंच सांगून भागत नाही, पुना. नववं बरौन कुठे आहे, विचारतील." त्यांनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. "तू हे मोडलं नसतंस तर मी आणखी एक वर्ष मागून घेतलं असतं."

"व्हय, साहेब."

"मग?"

पुनाने बेबाबाईकडे पाहिलं. ती सूप हातात घेऊन वाऱ्याची वाट बघत होती. "वर्सभर कोनी उनं नसतं, साहेब," तो म्हणाला.

वकील निघून गेले.

रास लागली. बेबाबाईने राशीला हळद-कुंकू वाहिलं, सगळ्यांना गप्प केलं आणि पायली भरली. पहिली पायली तिने स्वतःच्या पोत्यात घातली नाही. पुनाला धोतराचा सोगा पसरायला लावून त्यात ओतली.

"लाभ," ती म्हणाली.

पुनाच्या तोंडून आपसूक निघालं, "दोन." मग तो ओशाळून हसला.

संध्याकाळी गाड्या भरल्या. बेबाबाई जूवर हात ठेवून म्हणाली, "आमना गावले ये, भाऊ." सगळेच तोंडदेखलं असं म्हणतात, तसं ती म्हणाली नाही. पण गाव कुठलं, हे सांगायच्या आधी बैल चालू लागले आणि घुंगरांच्या आवाजात तिचं बोलणं बुडालं. पुनानेही ओरडून विचारलं नाही. खळं उठलं की खळ्यावर कोणी थांबत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

आखाजीला झोके बांधले, गाणी झाली, ती गावात. माळावर गाठी ठेवायच्या चौथऱ्याची दोरी पडली. पिंपळनेरहून भाचा दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. रहीम तेलाचा डबा न घेता येऊन गेला, घटकाभर बसला आणि काहीच चेष्टा न करता उठला.

शेवटच्या सकाळी पुनाने कुठलंही बरौन झाडलं नाही. लोखंडी काठी घेऊन तो पहिल्या झेंड्यापाशी गेला. "लाभ," म्हणून त्याने चेंडू मारला. एकेक करत तो निंबापर्यंत आला.

नवव्यावर वाळू नव्हती, झेंडा नव्हता. मेढ उपटल्यावर राहिलेला खड्डा तेवढा मधोमध होता. सारवण उन्हाने तडकलं होतं आणि त्या भेगांत दादरीचे काही दाणे अडकले होते. लांबूनच मारलेला चेंडू टणक जमिनीवरून घरंगळत गेला आणि खड्ड्यात पडला. एवढा मोठा खड्डा, कोणाचाही पडला असता.

पुनाने सवयीने रस्त्याकडे पाहिलं. मग खाली वाकला, चेंडू तसाच राहू दिला आणि भेगांतले दाणे वेचून घेऊ लागला.