लोटीची सवत

मैत्रिणींनो, मी एक जुनी पितळी लोटी आहे. विजयमालाच्या आईनं मला आटपाडीच्या बाजारात घेतलं आणि लेकीच्या लग्नात द्यायला माझ्या अंगावर तिचं नाव घालून घेतलं. पुढं लग्न मोडलं, विजयमाला सांगलीला आली, धंद्यात पडली. माहेरचं म्हणून तिच्यापाशी मी एकटीच उरले. गिऱ्हाईक गेलं की ती मोरीत यायची आणि तिचा पहिला हात माझ्यावर पडायचा. मला त्याचा लय ताठा होता.

मग ती बाटली आली. फरशी पुसायचं जंतुनाशक. शेजारच्या खोलीतली थोरली बनुबाई जतची. तिनंच ती आणून दिली.

"साध्या पाण्यानं काय हुतंय? ह्यानं आतनं धू. रोग जवळ यायचा न्हाई."

माझा नुसता जळफळाट झाला. बाटलीच्या अंगावर कुणाचं नाव नाही आणि मोरीतल्या फळीवरचा मान तिला. तिचं बूचभर औषध माझ्याच पाण्यात, वासही माझ्याच तोंडाला. विजयमालाची आग आग व्हायची, तरी ती म्हणायची, "झोंबतंय म्हंजे काम करतंय." निरोध नको म्हणणाऱ्याला पूर्वी ती हाकलून द्यायची. आता चालवून घ्यायची, कारण मागनं धुवायला बाटली होतीच.

तिच्या अंगावरून पांढरं जायला लागलं. वास येतो म्हणून ती आणखी धुवायची आणि त्रास आणखी वाढायचा. एका दुपारी ओटीपोटात अशी कळ आली, की ती मोरीतच बसली. बाटलीचं पितळ उघडं पडलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. पण तिला मला उचलवेना.

याच गल्लीत धंदा केलेली क्रांती आता बायांना दवाखान्यात नेते. तिनं विजयमालाला नेलं, आणि परत आल्यावर बनुबाईला समोर बसवलं.

"अक्का, आतली जागा आपली आपण साफ ऱ्हाती. आतनं धुतलं की तिची राखण जाती, कातडं सोलवटतं आन रोगाला वाट मिळती. बाहेरनं साधं पाणी बास. आन निरोध परत्येक बारीला."

"माझी तर हयात गेली गं ह्यात," बनुबाई म्हणाली.

"मग तुमी बी चला तपासायला."

विजयमालाला गोळ्यांनी उतार पडला. रक्तात काही निघालं नाही, पण नवी लागण लगेच दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं आहे. तोवर तिच्या जिवाला घोर आहे. बाटली फरशीच्या फडक्याशेजारी गेली. आता फळी माझी, असं मी धरून चालले होते, तर तिथं निरोधचा डबा येऊन बसला. एक सवत गेली, दुसरी आली.

काल तिशीची सोनिया या घरात नवी आली. तिनं विचारलं, "धुवायची बाटली कुठाय?"

विजयमालानं मला भरलं आणि माझ्या तोंडावर निरोधचं पाकीट ठेवलं.

"ही दोनच. तिसरं काय न्हाई."

सवत आता डोक्यावरच बसली आहे. मी अजून जळते, खोटं कशाला बोलू? पण माझ्या अंगावर जिचं नाव आहे, ती जगायला हवी. म्हणून सांगते, मैत्रिणींनो, पहिला हात त्या सवतीवर पडू द्या. माझ्यावर नंतर.