नऊ इंच कमी

काका पेटीत मावत नव्हते.

म्हणजे बरेचसे मावत होते. पाय, पोट, लग्नातला कोट, हातातली जपमाळ, सगळं व्यवस्थित बसलं होतं. फक्त डोकं बाहेर राहत होतं. चौघांनी उचलून खाली सरकवलं, तर डोकं आत आलं आणि बूट बाहेर आले. मग पुन्हा वर सरकवलं. जमलेली माणसं हे सगळं गंभीर चेहऱ्याने बघत होती, कारण मयताच्या घरी दुसरा चेहरा करता येत नाही.

"बूट काढले तर?" चुलतभावाने हळूच विचारलं.

"नऊ इंच टाचेचे बूट कोण घालतं रे?" मी म्हटलं.

शवपेटी माझ्या वडिलांनी केली होती. वीस वर्षं ते हेच करतात. आतलं पांढरं कापड आणि कापसाची गादी मी शिवते. आमचं गिऱ्हाईक तक्रार करत नाही हे खरं, पण नातेवाईक करू शकतात, आणि आजवर त्यांनीही केली नव्हती. पप्पांचं माप कधी चुकत नाही.

पप्पांना रागही कधी येत नाही. एकदा सागाची फळी त्यांच्या पायावर पडली, अंगठ्याचं नख जागच्या जागी काळं झालं. पप्पा म्हणाले, "प्रभूची इच्छा," आणि वाकून फळीला तडा गेलाय का ते बघितलं. कुणी विचारलंच तर सांगायचे, "भावना म्हणजे पोटातला वारा. आला तसा जातो. देव कृती बघतो."

बावीस वर्षांपूर्वी आजी गेली, तेव्हा पप्पा दुसऱ्या गावी फर्निचरच्या कामावर होते. काकांनी निरोप पाठवला, पण वाट बघितली नाही. पप्पा बसमधून उतरून थेट कबरस्तानात पोचले, तेव्हा कबरीवर माती ओढून झाली होती आणि लोक हात धूत होते. आजीचं तोंड त्यांना दिसलं नाही. हातातली बॅग खाली न ठेवता ते सगळ्यांदेखत काकांना म्हणाले, "माफ केलं, दादा."

या वाक्यावर तेव्हाच्या फादरनी दोन रविवार प्रवचन केलं. तेव्हापासून नवरा-बायकोचं वाजलं की पप्पांचा दाखला निघतो. पप्पा आणि काका दर रविवारी चर्चमध्ये हात मिळवायचे. पोस्टातला कारकून शिक्का मारतो तसे. ठप्प, पुढचा.

आज सकाळी काका गेल्याचं कळल्यावर आम्ही माप घ्यायला आलो. पेटीवाल्याचा नियम असा, की आधी तोंडावरची चादर काढायची, मग टाळूपासून टाचेपर्यंत फीत धरायची. टाचेकडचं टोक माझ्या हातात होतं. पप्पांनी चादर काढली नाही. वरून चाचपून खांदा शोधला, फीत तिथे टेकवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत आकडा सांगितला. डोकं नंतर मिळवू, असं त्यांनी मनात म्हटलं असावं. मी आकडा लिहून घेतला. पप्पांच्या मापाला मी कशाला प्रश्न विचारू?

आता दुपारचे दोन वाजले होते आणि चारला दफन होतं.

"भावजी," काकी उठून पेटीपाशी आली, "माप कुठून घेतलंत?"

पप्पा पेटीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"खांद्यापासून," मी म्हटलं.

"आणि डोकं?"

"तोंडावर चादर होती, वहिनी," पप्पा म्हणाले.

"चादर होती, पत्रा नव्हता. काढायची."

"नाही काढली."

"का?"

"मला नव्हतं बघायचं त्याचं तोंड."

खोलीत कुणीतरी चहाचा कप खाली ठेवला.

"तुम्ही तर माफ केलं होतंत ना?" काकी म्हणाली.

"केलंच होतं."

असं म्हणताना पप्पांची नजर खाली गेली आणि आज पहिल्यांदा त्यांनी काकांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी सभ्य आवाजात विचारलं, "तुला चार तास थांबता आलं नाही?"

काकांकडून काही उत्तर आलं नाही.

"अरे, चार तास! बसमध्ये उभा होतो मी, उभा! तुझ्या एकट्याची आई होती का रे? नालायका, तुला विचारतोय!" आणि पप्पांनी पेटीला लाथ घातली. पेटीला काही झालं नाही. पप्पांचंच काम, मजबूत होतं.

"फादर, आवरा त्यांना," मागून एक म्हातारे म्हणाले.

आमचे हल्लीचे फादर वयाने लहान आहेत. ते जागचे हलले नाहीत. "कशाला? बावीस वर्षांनी भावाशी बोलतायत. बोलू द्या."

पप्पा धापा टाकत त्यांच्याकडे वळले. "फादर, मग ती माफी खोटी होती?"

"खोटी कशी? पण मिस्त्री, राग आलाच नाही म्हणता, मग माफ नेमकं काय केलंत?"

पप्पा खाली बसले आणि रडले. त्यांना सवय नव्हती, त्यामुळे रडण्याचा आवाज फार विचित्र निघत होता. कुणीतरी पाणी आणलं. ते मीच पिऊन टाकलं.

"नवी पेटी करायला किती वेळ?" काकीने विचारलं.

"तीन तास," पप्पा म्हणाले.

"अगं आई, चारची वेळ दिलीय," चुलतभाऊ म्हणाला. "लोक यायला निघाले असतील."

"थांबतील. सगळे थांबतील." काकी काकांच्या उशाशी बसली आणि त्यांच्या कोटाची कॉलर सरळ केली. "तेव्हाही मी यांना म्हटलं होतं, थांबा म्हणून. माझं कोण ऐकतंय?"

कारखान्यात आल्यावर पप्पांनी रंधा हातात घेतला आणि काकांना शिव्या द्यायला सुरुवात केली. फळी तासताना शिव्या, खिळा ठोकताना शिव्या. काही मी पहिल्यांदाच ऐकत होते. मधे नाक शर्टाच्या बाहीला पुसायचे, त्यामुळे चेहऱ्याला सगळा भुसा चिकटला होता. मी कापड शिवत होते.

पाच वाजता पेटी झाली. दोघा भावांची उंची सारखीच. या वेळी पप्पांनी फितीवर विश्वास ठेवला नाही. चपला काढून स्वतःच पेटीत आडवे झाले.

"पायाकडे बघ."

मी बघितलं. "दोन बोटं जागा आहे."

"डोक्याशी?"

"तिथेही आहे. उठा आता, पप्पा."

ते उठले नाहीत. तसेच पडून त्यांनी जरा अंग हलवलं, डावीकडे कलून पाहिलं.

"इथे टोचतंय," ते म्हणाले. "इथे कापूस वाढव. त्याचा डावा खांदा दुखतो."

मी कापूस आणायला गेले.