शेजारची बशी

वार्सिनीबाईंनी डबा सुनेपुढे प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आदळलाच.

"घे. काय जाळायचंय ते माझ्यासमोर जाळ."

डब्यात पापड्यांसाठी कुटलेल्या भाताचा गोळा होता. वेनिंगने आधी लेकीचं स्टूल मागे ओढलं, मग आणखी थोडं मागे. शनिवारची शाळा रिकामी होती. रसायनाच्या बाईंची लेक म्हणून तीन वर्षांच्या कीनांतीला इथे सगळे ओळखत, पण आम्लाच्या बाटलीला कुठली ओळख?

"आजी, आई काय शिजवतेय?"

"तुझ्या आजीचा गुन्हा," वार्सिनीबाई म्हणाल्या.

काल स्वयंपाकघरात कुणी नाही असं पाहून वेनिंगने त्या गोळ्यावर हळदीचा कागद दाबला होता. तो कुंकवासारखा लाल झाला. पापड्या खुसखुशीत व्हाव्यात म्हणून सलातिगा गावात घरोघरी ब्लेंगचा खार घालत आले आहेत, आणि त्यात पोटात जाऊ नये असा बोरॅक्स असतो. कीनांती तर त्या पापड्या मूठमूठ खाते. वेनिंगने नवऱ्याला हळूच सांगितलं. त्याने आईला मोठ्याने विचारलं.

"ही झाली तेव्हाच ब्लेंग सोडला मी. पेंढ्याच्या राखेचं पाणी घालते. मला विचारायला जीभ जड झाली होती का तुझी?"

वेनिंग खाली मान घालून गोळ्याचा तुकडा चिनी मातीच्या बशीत जाळत राहिली. राखेच्या पाण्यानेही हळद लाल होते. परीक्षेत निम्मा वर्ग इथेच घसरतो, आणि मग ती फळ्यावर खडू आपटून सांगते, एका रंगावर निकाल लावू नका.

"याच पापड्यांवर तुझा नवरा वाढवला," वार्सिनीबाई थांबायला तयार नव्हत्या. "डोक्याने जरा कमी निघाला म्हणतेस, तर तेवढा दोष माझा."

वेनिंगला हसू आलं. ते तिने गिळलं.

तुलनेसाठी शेजारी एक निर्दोष नमुना हवाच. तो तिने घरच्या फ्रीजमधून आणला होता: बाजारातल्या चकचकीत दुकानातला मांसाचा गोळा. पाकिटावर 'बोरॅक्समुक्त' असा शिक्का. कीनांतीच्या रोजच्या सूपसाठी ती हेच पाकीट घेई, गाडीवरचं कधीच नाही. त्याचीही तिने दुसऱ्या बशीत राख केली. दोन्ही बशांखाली चिठ्ठ्या सरकवल्या, राखेवर स्पिरिट ओतलं, जपून आम्लाचे थेंब सोडले.

"आई, खिडक्या लावता? अंधार हवा."

वार्सिनीबाईंनी खिडक्या लावल्या आणि नातीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. हात नकळत तिच्या डोळ्यांपुढे धरला; कीनांतीने तो खाली ओढला.

"कसली ज्योत वाईट?" त्यांनी विचारलं. आवाजातला ताठा गेला होता.

"हिरवी."

काडी ओढली. पहिली बशी पेटली. निळसर ज्योत वर आली, थरथरली आणि पिवळी झाली. वेनिंग वाकून कडेकडेने पाहत राहिली. पिवळीच. स्वयंपाकघरातल्या मिठाची असते तशी.

"पिवळी आहे, आई. तुमची पिवळी आहे."

"मला काय सांगतेस? मला माहीतच होतं." पण त्यांनी स्टुलाची कड घट्ट धरली होती, ती आता सोडली.

दुसरी बशी पेटवायची आता गरज नव्हती. तरी वर्गात सांगते तसं पुरं करावं, म्हणून तिने काडी तिकडे नेली.

कीनांतीने टाळ्या पिटल्या.

"हिरवी! आई, हिरवी!"

ज्योतीची सगळी कड कोवळ्या भाताच्या रोपासारखी हिरवीगार झाली होती. वेनिंगने बशी चिमट्याने उचलून खालची चिठ्ठी पाहिली. मग पहिल्या बशीखालची. अक्षर तिचंच होतं, आणि चिठ्ठ्या जिथल्या तिथे होत्या.

"ही कुणाची?" वार्सिनीबाईंनी विचारलं.

वेनिंगने बशीवर झाकण ठेवलं. हिरवा रंग कडेने क्षणभर बाहेर आला आणि विझला.

"पुन्हा लाव ना," कीनांती म्हणाली.

वार्सिनीबाई सुनेच्या तोंडाकडे पाहत राहिल्या, मग टेबलावरच्या शिक्का मारलेल्या पाकिटाकडे. त्यांनी एकेक खिडकी उघडली.

"आई," वेनिंग म्हणाली, "हिच्या सूपमध्ये आज काय घालू?"

"घरी चल," त्या म्हणाल्या, आणि डबा उचलून काखेत घेतला. "बघू."