तपासणीत बसत नाही

डॉक्टरीणबाईंना एक खोड होती. कुणी प्रश्न विचारला की उत्तर दिल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. परीक्षांना ही खोड फार कामी आली. किडनीच्या वॉर्डात मात्र ती अंगाशी आली, आणि नुसती त्यांच्याच अंगाशी आली असती तरी एक वेळ चाललं असतं.

वॉर्डातल्या थोरल्या डॉक्टरांना सगळे पाठीमागे 'कुलूप' म्हणायचे. माणूस भला, पण त्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दाढ काढण्याइतके कष्ट. डॉक्टरीणबाई नव्या लागल्या तेव्हा त्यांनी एवढंच शिकवलं, "किडनी द्यायला कुणी आलं की त्याला एकट्याला आत घ्यायचं. बाकी सगळे बाहेर. मनापासून द्यायची आहे का, ते विचारायचं. नाही म्हणाला, तर घरच्यांना सांगायचं, तपासणीत बसत नाही. बस्स."

"आणि त्यांनी कारण विचारलं तर?"

"तपासणीत बसत नाही."

"पुन्हा विचारलं तर?"

कुलूपांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "ऐकू येतं ना तुला नीट?"

खोटं होतं ते, पण सगळ्यांना मान्य असलेलं खोटं. बिचाऱ्या नाही म्हणणाऱ्याला पुन्हा त्याच घरात जायचं असतं, त्याच ताटावर बसायचं असतं. त्याच्या कपाळावर शिक्का कशाला मारायचा? डॉक्टरीणबाईंना ते मनापासून पटलं होतं. फक्त गप्प बसणं तेवढं जमायचं नाही.

तर एक दिवस आई, मुलगा आणि मुलगी असे तिघं आले. मुलगा मिक्सर-पंखे दुरुस्त करणारा. दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या, दिवसाआड मशीनवर पडायचा. तोंडाने मात्र अखंड टकळी. "काय डॉक्टर, जन्मभर मी मशीनं दुरुस्त केली, आता मशीन मला दुरुस्त करतंय. बदलाच घेतंय म्हणा ना." सिस्टर हसायच्या. डॉक्टरीणबाईंना तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. आईच्या हातून पाणी प्यायचं, बहिणीने उशी सारखी करायची, आणि हा आपला राजासारखा पसरलेला!

बहीण धाकटी. शिवणाच्या कारखान्यात काम करायची. घरात तिला चिंगी म्हणत. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "काय काम करतेस?" तर आई म्हणाली, "शिवते." विचारलं, "काही आजार?" आई म्हणाली, "छे हो, घोड्यासारखी आहे. रक्तगट पण जुळतोय. माझं काय, जुनं खोड. हिचीच घ्या. तिची काही हरकत नाही."

"ते मी तिलाच विचारते," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी आईला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

चिंगी बराच वेळ टेबलाच्या कडेवरचं सुटलेलं प्लास्टिक नखाने दाबत राहिली. मग म्हणाली, "मला द्यायची नाही."

"बरं."

"बरं?" ती दचकलीच. "तुम्ही रागावणार नाही?"

"मी कशाला रागावू? किडनी तुझी आहे."

मग मात्र तिचा बांध फुटला. "आजवर मला कुणी विचारलंच नाही हो. दादाच्या फीसाठी माझी शाळा सुटली. दादाला दुकान टाकायचं म्हणून माझं लग्न लांबलं, ते लांबलंच. खोली त्याला, कपाट त्याला. आता पोटातलंही द्यायचं? तो गेला तर मी रडेन, ऊर फुटेस्तोवर रडेन. पण मला नाही द्यायची. मी वाईट आहे का?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि हा शब्द या खोलीच्या बाहेर जाणार नाही. माझं वचन."

त्या दिवशी त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटला. आपण डॉक्टर झालो ते यासाठीच, असंही वाटलं.

तपासण्यांचे सोपस्कार उरकले. आठवड्याने त्यांनी तिघांना बोलावलं आणि शिकवल्याप्रमाणे सांगितलं, "मावशी, हिची घेता येणार नाही. तपासणीत बसत नाही."

"का?" आई म्हणाली.

"बसत नाही."

"अहो पण का? कालपर्यंत धडधाकट होती!" आई लेकीकडे वळली. "तूच काहीतरी बोललीस ना आत? बोल ना! भाऊ मरायला टेकलाय आणि तू... मेली, पोटात ठेवली त्यापेक्षा..."

चिंगीची मान खाली. भाऊ म्हणाला, "आई, बास." पण आई कसली ऐकते. बाहेरच्या बाकांवरची माणसं आत डोकवायला लागली. डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. या बाईला कुणीतरी गप्प करायलाच हवं, असं त्यांना वाटलं आणि जीभ सुटली.

"तिच्याच किडन्यांची ताकद कमी आहे, मावशी! आज त्रास नाही, पण पुढे होऊ शकतो. तिलाच जपावं लागणार आहे. तिला कसल्या शिव्या देता?"

झालं. चार वाक्यं. आईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिने हळूच लेकीच्या पाठीवर हात ठेवला, तर चिंगी चटका बसल्यासारखी आक्रसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच भावाने कसलाच विनोद केला नाही.

कुलूपांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "दोन शब्द पुरले असते." बस, एवढंच. डॉक्टरीणबाईंना वाटलं, म्हाताऱ्याला काळजाच्या जागी दगड आहे.

मग आईच्या तपासण्या झाल्या. वय थोडं जास्त, पण प्रकृती ठणठणीत. आईची किडनी चालणार होती. डॉक्टरीणबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. मुलाला आई देणार, मुलगी सुटली, सगळं कसं छान जुळलं! सही घ्यायला त्या स्वतः मशीनच्या खोलीत गेल्या. भाऊ पडून होता, हाताला नळ्या लावलेल्या.

"मला आईची नको," तो म्हणाला.

"अहो, थट्टा पुरे."

"थट्टा नाही करत डॉक्टर. आईकडे एकच जास्तीची आहे. ती मी घेतली, आणि उद्या चिंगीच्या गेल्या, तर तिला कोण देणार? मी तर असा. ती आईची तिच्यासाठी राहू दे."

डॉक्टरीणबाईंनी सहीचा कागद खाली ठेवला. "तिला लगेच काही होत नाहीये."

"पण पुढे होऊ शकतं. तुम्हीच म्हणालात."

"मी... त्या दिवशी जरा जास्तच बोलले. रागात."

तो हसला. "आता मला राजी करायला असं म्हणताय. कळतं मला. गिऱ्हाईकाला मीही सांगायचो, काही नाही हो, किरकोळ बिघाड आहे." मग छताकडे बघत म्हणाला, "लहानपणापासून तिच्या ताटातलंच खाल्लंय मी. तेव्हा मजा वाटायची. इथे पडल्या पडल्या विचार करायला वेळ फार मिळतो. आता हे एक तरी तिला राहू दे."

ज्याला त्या इतके दिवस ऐतखाऊ समजत होत्या, तो हा माणूस! डॉक्टरीणबाईंना तिथून पळून जावंसं वाटलं.

त्यांनी फार डोकं चालवलं. पुन्हा तपासणी केली, किडन्या चांगल्या निघाल्या, असं सांगावं? मग आई त्याच पावली चिंगीला टेबलावर आणून झोपवणार. पुढेही कधी बिघडणार नाहीत म्हणावं? तरी तेच. चिंगीला सोडवायला जी गाठ त्यांनी मारली होती, ती सोडायला गेलं की चिंगीच अडकत होती. मेलेल्या माणसाची किडनी मिळण्याची रांग तर इतकी लांब, की तिच्याबद्दल बोलण्यातही अर्थ नव्हता.

डॉक्टरीणबाई कुलूपांकडे गेल्या. "सर, एक जीव जातोय. मी त्याला खरं सांगते."

"कुणाचं खरं?"

"म्हणजे?"

"ते तिचं आहे. तुझं नाही. तिला विचार." नियम शिकवला त्या दिवसानंतर इतकी वाक्यं त्यांनी सलग उच्चारली नव्हती. मग म्हणाले, "आणि सांगितलंस, तर उद्यापासून त्या बंद दाराआड कोण खरं बोलेल?"

डॉक्टरीणबाईंनी चिंगीला बोलावलं. पुन्हा तीच खोली, तेच टेबल. सगळं सांगितलं. ऐकता ऐकता चिंगीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"दादा असं म्हणाला?"

"हो. तू फक्त हो म्हण. त्याला एकट्याला सांगते, आईला नाही."

"तो आईला सांगितल्याशिवाय राहील? त्याच्या पोटात काही राहत नाही." ती पुन्हा ते प्लास्टिक दाबायला लागली. "डॉक्टर, तुम्हाला एक सांगू? आई आता मला विचारते, जेवलीस का. कामावरून आले की हातातली पिशवी घेते. माझं जेवण वेगळं करते, बिनमिठाचं. परवा माझे पाय चेपत बसली होती. मी लहान असताना आजारी पडले तरी असं कधी केलं नव्हतं हो." तिने मान वर केली. "आणि आता मी सांगू, की मी धडधाकट आहे, दादाला द्यायला नको म्हणाले? ती मला दारात तरी उभी करेल?"

"चिंगी, तो मरेल."

"माहीत आहे मला!" ती ओरडली. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "मला थोडे दिवस द्या. मी बघते."

बघते, बघते करत दिवस गेले. दर भेटीला ती म्हणायची, "आज बोलणार होते." डॉक्टरीणबाई दर वेळी ठरवायच्या, आज वचन मोडायचं. मशीनच्या खोलीच्या दारापर्यंत जायच्या. भाऊ हात वर करून म्हणायचा, "या डॉक्टर, आज पुन्हा पटवायला का?" आणि त्या त्याचा रक्तदाब बघून परत फिरायच्या. ज्या बाईला कुणाच्या प्रश्नाला गप्प राहता येत नव्हतं, तिला आता बोलता येत नव्हतं.

मग नळीच्या जागी जंतू शिरले, रक्तात पसरले, आणि मिक्सरवाला गेला. वॉर्डात दोन दिवस कुणी हसलं नाही. चिंगी म्हणाली होती तशीच रडली, ऊर फुटेस्तोवर. आई तिला पोटाशी धरून सारखी म्हणत होती, "रडू नको गं बाळा, तुझ्या तब्येतीला झेपायचं नाही."

काही महिन्यांनी मायलेकी पुन्हा आल्या. आई निम्मी झाली होती. डब्याची पिशवी मांडीवर घेऊन ती समोर बसली. "हिला दाखवायला आणलंय. हयगय नको. तो जाताना माझ्याकडून शब्द घेऊन गेलाय, डॉक्टर. माझी हिच्यासाठी ठेवलीय. वेळ आली की नुसती हाक मारा."

चिंगीने न सांगता दंड पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी पट्टा गुंडाळला, हवा भरली, आकडा बघितला. उत्तम होता. किडन्याही उत्तम असणार, हे त्यांना ठाऊक होतं आणि चिंगीलाही. दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

"कसं आहे हो?" आईने विचारलं.

"आहे तसंच आहे, मावशी."

"वाढलं नाही ना?"

"नाही."

"देव पावला." आईने पिशवीची गाठ सैल केली, पुन्हा आवळली. "मीही आता बिनमिठाचंच खाते. हिला एकटीला कशाला म्हणून. पण पोरगी नुसती चिवडते हो ताटात. एवढं विचारायचं होतं, हिला थोडं मीठ सुरू करू का?"

सोपा प्रश्न होता. याचं खरं उत्तर दिलं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं.

"नको आई," चिंगीच म्हणाली. "मला असंच बरं आहे."