तीनदा विचारलं होतं

"मोठ्यानं म्हण," शकीबा म्हणाली. "बाबांना ऐकू जायला हवं."

"आणि गल्लीला गेलं तर?"

"जाऊ दे. तेवढेच साक्षीदार वाढतील."

निगार हसली. त्या आठवड्यात ती हसली ती एवढीच. मग तिनं केशराच्या काड्या निवडून पिवळी झालेली बोटं ओढणीला पुसली, पाठ ताठ केली आणि अंगणाकडे तोंड करून म्हणाली, "नाही. मला कबूल नाही." अंगणात त्यांचे बाबा एका घंगाळाला कल्हई करत बसले होते. त्यांनी मान वर करून बघितलं, आणि परत खाली घातली.

उस्ताद वदूद हेरातच्या बाजारातले जुने तांबट. पंचेचाळीस वर्षं तांबं ठोकलं आणि त्या ठोक्यांनी कान खाल्ले. ठार बहिरे नव्हेत, पण गिऱ्हाइकाला घसा फोडावा लागे. मुलींचं मात्र त्यांना सगळं कळायचं. आई गेल्यापासून दोघींना त्यांनीच वाढवलं, त्यामुळे दोघींचे ओठ त्यांना पाठ होते. स्वयंपाकघराच्या दारातून निगारनं नुसते ओठ हलवून मीठ संपलंय म्हटलं की संध्याकाळी मीठ हजर. म्हणून नकार सांगण्याची तालीम चालली होती ती खरं तर बाबांसाठी नव्हती. ती निगारच्याच जिभेसाठी होती. ह्या शब्दाची सवय आपल्याकडच्या मुलींना कुणी लावलीय?

शकीबा वकील होती. होती असंच म्हणायचं, कारण सरकार बदललं आणि बायकांचे परवाने गेले, म्हणजे अकरा वर्षांची वकिली एका दुपारी गेली. काळा कोट ट्रंकेत गेला, पुस्तकं गव्हाच्या कणगीमागे गेली. कागदावरचा विश्वास तेवढा कुणी जप्त केला नाही, आणि नेमका तोच करायला हवा होता.

प्रकरण असं होतं. सहा वर्षांपूर्वी फरोजान नावाची एक बाई मोडलेला हात गळ्यात बांधून शकीबाच्या कचेरीत आली होती. शकीबानं तिला कोर्टातून तलाक मिळवून दिला. नवऱ्याचं नाव रहीमदाद. तो तेव्हा डोंगरात निघून गेला, आणि परत आला तो कमांडर होऊन, मागेपुढे गाड्या घेऊन. नव्या कोर्टानं जुना तलाक रद्द करून टाकला. नवऱ्याच्या संमतीशिवाय दिलेला तलाक म्हणे तलाकच नव्हे. पण फरोजान तोवर इराणात पोचली होती. मशहदमध्ये कुठेतरी शिवणकाम करून राहत होती, आणि कुठे ते फक्त शकीबाला माहीत होतं.

रहीमदादनं मध्यस्थीला तीन पांढऱ्या दाढ्या पाठवल्या. त्यांनी चहा घेतला, मनुके खाल्ले आणि शांतपणे निरोप सांगितला: तुमच्या थोरलीनं आमच्या घरातली बाई नेली. तिचा पत्ता द्या, नाहीतर धाकटी द्या. बाजारात पातेलं बदलून मागावं तितक्या सहज मागितली त्यांनी. बाबांनी हातातला पेला खाली ठेवला तो परत उचललाच नाही.

शकीबानं दोन्ही बाजू मोजून बघितल्या. पत्ता दिला तर फरोजान महिनाभरही जगणार नाही, आणि नाही दिला तर ही पाठची बहीण जाते. ती निगारशी हे बोललीच नसती. पण घर दोन खोल्यांचं, पोरीनं पडद्याआडून सगळं ऐकलं होतं. तिनंच सांगितलं, पत्ता देऊ नकोस.

"तू म्हणतेस ना, मुलीनं नाही म्हटलं की निकाह होत नाही?"

"होत नाही."

"नक्की ना, आपा?"

"अकरा वर्षं मी हेच केलंय," शकीबा म्हणाली.

आणि ते खोटं नव्हतं. ह्याच सरकारनं आल्या वर्षी फर्मान काढलं होतं: सज्ञान मुलीची संमती हवी, कुणी तिच्यावर जबरदस्ती करू नये. शकीबानं ते कोर्टाच्या फाटकावरून शब्दन्शब्द उतरवून आणलं होतं, तारखेसकट. निकाह ठरू द्यायचा आणि त्यांचंच वाक्य त्यांच्याच घशात घालायचं, असा तिचा बेत. निकाहाच्या वेळी मुलीचा बाप, तिच्या वतीनं बोलणारा वकील म्हणून, आणि दोन साक्षीदार पडद्याशी येतात, मुलीला तीनदा विचारतात. रीत अशी की पहिल्या दोन वेळा मुलीनं लाजून गप्प बसायचं, तिसऱ्यांदा पुटपुटायचं. नाही पुटपुटली तरी बिघडत नाही, गप्प बसणं म्हणजे होच. म्हणून शकीबाचं एकच सांगणं होतं: गप्प बसायचं नाही. तिन्ही वेळा ठणकावून सांगायचं.

शेजारच्या बीबी हाजीला हे कळलं तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "मी तर अजून हो म्हटलेलं नाही. मागून कुणीतरी मान दाबली, बाहेर मिठाई वाटली. पन्नास वर्षं झाली, मान अजून दुखते."

बाबांनाही शकीबानं फर्मानाचा कागद दाखवला, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि मान हलवली. त्या हलवण्याला तिनं होकार मानलं. दुसऱ्यांच्या गप्प बसण्याचे अर्थ लावण्यात जिचा जन्म गेला, तिला घरातल्या माणसाचा अर्थ लावता आला नाही.

गुरुवारी दुपारी माणसं आली. गाणं नाही, डफ नाही, बंदीच आहे. बाहेरच्या खोलीत पुरुष, आतल्या खोलीत बायका, मध्ये जाड पडदा. निगारच्या बोटांवरचं केशराचं पिवळं आता मेंदीखाली गेलं होतं. तोंडावर हिरवी ओढणी. शकीबा तिच्या मागे बसली, कुणी मान दाबू नये म्हणून.

साक्षीदार आले, पण अंगणातल्या डाळिंबाच्या झाडापाशीच थांबले. पडद्याशी यायला तयार होईनात. परक्या बाईचा आवाज कानावर पडणं गुन्हा आहे, नवा कायदा झालाय, ऐकलं नाहीत का, असं त्यांचं म्हणणं. मुल्लानं लगेच तोड काढली: बापानं आत जाऊन विचारावं, बाहेर येऊन सांगावं. बापाचा शब्द पुरे आहे.

 आवाजाचा कायदा शकीबाला ठाऊक नव्हता थोडाच? त्यापायी तर ती तीन महिने भाजीवाल्याशी खुणांनी बोलत होती. पण हे दोन कागद तिनं शेजारी ठेवून वाचलेच नाहीत. एक कायदा म्हणतो मुलीला विचारा, दुसरा म्हणतो तिचं ऐकू नका. वकिलीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या पोरानंसुद्धा ही चूक केली नसती. तरी तिनं मनाला समजावलं, की विचारणार बाबाच आहेत, आणि बाबा आपले आहेत.

बाबा आत आले. नवी पगडी, इस्त्रीचे कपडे. निगारच्या समोर गुडघे टेकून बसले आणि विचारलं, "वदूदच्या मुली, निगार, रहीमदादशी तुझा निकाह लावायला मला वकील करतेस का?"

"नाही," निगार म्हणाली. "मला कबूल नाही."

आवाज कापला, पण शब्द स्पष्ट होते. बीबी हाजीनं डोळे मिटले. बाबांनी परत विचारलं, तेच शब्द, त्याच चालीत.

"नाही. मला कबूल नाही." ह्या वेळी आवाज कापला नाही.

तिसऱ्यांदा विचारल्यावर निगारनं दोन्ही हातांनी ओढणी वर केली. तोंड उघडं केलं, बाबांच्या समोर धरलं, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली. लहान असताना मीठ संपलंय सांगायची, तशी. बाबांची नजर तिच्या ओठांवर होती. शकीबानं ती नजर बघितली, त्यामुळे पुढे कुणी काही सांगितलं असतं तरी तिला फसवता आलं नसतं.

बाबांनी हात पुढे केला. ओढणी धरली आणि निगारच्या तोंडावर परत नीट सोडली, सुरकुती काढली. मग उठले आणि पडद्याबाहेर गेले.

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. "कबूल आहे," बाबा म्हणाले, आणि ते सगळ्या गल्लीनं ऐकलं.

शकीबा उठली. बीबी हाजीनं तिच्या ओढणीचा पदर धरून ठेवला, तो तिनं हिसकावून घेतला आणि पडद्याला तोंड लावून ओरडली, "तिनं नाही म्हटलंय! तीनदा नाही म्हटलंय!"

पलीकडे सगळं थांबलं. क्षणभर तिला वाटलं, झालं, पोचलं. मग मुल्लाचा आवाज आला, कुणाची बाई ही, आवरा तिला. काय म्हणाली ते कुणी विचारलं नाही. फक्त आवाज कसा आला एवढंच विचारलं. आणि मुल्ला मोठमोठ्यानं निकाह वाचायला लागला. साखरेत घोळलेले बदाम उधळले गेले, दोनतीन पडद्याखालून घरंगळत आत आले.

निघताना निगारला रीतीप्रमाणे डोक्यावर धरलेल्या कुराणाखालून नेलं. दारात ती थांबली, आणि बुरख्यातून हळूच तिनं विचारलं, "आपा, मी मोठ्यानं म्हटलं ना?"

"म्हटलंस."

"मग?"

 शकीबाच्या हातातल्या तांब्याच्या वाटीतलं पाणी गाडीच्या मागे टाकायचं असतं, जाणारा सुखरूप परत यावा म्हणून. ती वाटी बाबांनीच घडवलेली. पाणी टाकायचं तिच्याकडून राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात कल्हई करत बसले होते. शकीबा त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"ऐकू आलं होतं ना?"

"पहिल्या वेळीच आलं," बाबा म्हणाले. हात थांबला नाही. "बुधवारी रहीमदाद दुकानात आला होता. म्हणाला, धाकटी नाही म्हणाली तर थोरलीला तुरुंगात घालतो, परकी बाई पळवली म्हणून. तुझ्या नावाचा कागद तयार होता, शकीबा. मी बघितला."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस. तुरुंगातून बायका कशा परत येतात ते तूच मला सांगितलंयस." त्यांनी घंगाळ उलटं केलं. "दोघीतली एक घरात राहणार होती. मी काय करायला हवं होतं, ते तू सांग. तू शिकलेली आहेस."

तिला चीड आली, इतकी की ते घंगाळ उचलून भिंतीवर मारावं. आणि त्याच वेळी मनात आलं, अजून पत्ता देता येईल. लगेच कळलं की फरोजान परत येईल आणि निगार काही येणार नाही. रहीमदादच्या घरात एकीऐवजी दोघी होतील, एवढंच. आपण हा विचार केला ह्याची तिला इतकी शरम वाटली की ती उठून आत गेली.

तरी सवय सुटत नाही. पुढच्या आठवड्यात तिनं अर्ज लिहिला, निकाह बेकायदा आहे असा, फर्मानाची तारीख घालून, आणि कोर्टाच्या फाटकाशी गेली. पहारेकऱ्यानं अर्जाकडे बघितलंच नाही. घरचा पुरुष बरोबर आण, तो बोलेल, म्हणाला. घरात पुरुष एकच, आणि त्याचा शब्द कोर्टाच्या दृष्टीनं एकदा देऊन झाला होता. तिनं उतरवून आणलेलं ते फर्मान अजून तिथेच फाटकावर होतं, उन्हानं पिवळं पडलेलं.

दीड महिन्यानं निगार पहिल्यांदा माहेरी आली, सासूबरोबर. सासू मधोमध बसली. निगार तिच्या शेजारी, चेहरा ओढणीत, हात मांडीवर. शकीबानं चहा केला. विचारायचं खूप होतं, पण सासूसमोर काय विचारणार? म्हणून चहाचंच विचारलं.

"वेलची घालू?"

वेलचीच्या वासानं निगारला लहानपणापासून मळमळायचं. तिच्यासाठी ह्या घरात चहा वेगळा व्हायचा.

"हो," निगार म्हणाली.

शकीबाला वाटलं, चुकून म्हणाली. तिनं मुद्दाम विचारलं, अजून घालू? त्यालाही हो. कुलचा देऊ, त्याला हो. तिकडे बरं आहे ना, त्यालाही तेवढ्याच पट्टीत हो. सासू कौतुकानं म्हणाली, गुणी आहे पोर, सुरुवातीला थोडी हट्टी होती. निगारनं पेला उचलला आणि वेलचीचा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याली. पेला खाली ठेवल्यावरही तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट सरळ होत नव्हतं.

बाबा आत यायचं टाळत होते. शेवटी अंगणातूनच दाराशी आले, आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात त्यांनी विचारलं, "बेटी, सुखात आहेस ना?"

निगार त्यांच्याकडे वळली. दोन्ही हातांनी ओढणी वर केली, त्यांना ओठ दिसावेत अशी.

"हो," ती म्हणाली.

ह्या वेळी त्यांना एकदाच विचारावं लागलं.