पितळी व्हॉल्व्ह आणि खारं पाणी

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व्ह आहे. पितळी, पाऊण इंची, लाल दांडीचा. पाण्याला वाट द्यायची आणि वेळ आली की ती अडवायची, एवढंच माझं काम. आज मी काळवंडलो आहे, पण १९८५ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी असा झळकत होतो की शेजारचा पांढरा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह माझ्यापुढे अगदी केविलवाणा दिसे. खरं सांगतो, मला तेव्हा थोडी शिष्टपणाची बाधा झाली होती.

मला विकत घेतलं दिगंबररावांनी. ते मोटारींच्या कारखान्यात इंजिनं थंड ठेवणाऱ्या नळ्यांचे इंजिनिअर होते. त्यांची दहा वर्षांची मुलगी दीपा हिने वाढदिवसाला समुद्र मागितला होता आणि त्यांनी तो खरोखरच घरात आणायचं ठरवलं. दिवाणखान्यात काचेची टाकी, खाली बेसमेंटमध्ये पाणी गाळायचा पिंप आणि पंप, आणि दोन्हींना जोडणारे नळ. पंपाने वर चढणारं पाणी किती सोडायचं, हे माझ्या हाती. दिगंबररावांनी प्लास्टिकचा व्हॉल्व्ह हातात घेऊन पाहिला, परत ठेवला आणि म्हणाले, याचा काय भरवसा?

काय तो माणूस! नळाला कान लावून ते माझी दांडी केसभर फिरवायचे. वरच्या टाकीतली खळखळ थांबली की समाधानाने हात पुसायचे. रविवारी पाहुणे जेवायला आले की मासे राहायचे बाजूला, आधी सगळ्यांची वरात बेसमेंटमध्ये माझ्या दर्शनाला. मी तेव्हा फुलून जात असे.

टाकीत दोन नारिंगी मासे होते, लाल पट्ट्यांच्या दोन कोळंब्या होत्या आणि दीपाचं लाडकं समुद्रफूल होतं. नावाने फूल, पण तो प्राणी. त्याच्या मऊ बोटांमध्ये ते दोघे मासे झोपत. दीपाची आई मालिनीबाई मूळच्या अलिबागच्या. कोळंबी पातेल्याबाहेर इतका वेळ जिवंत पाहायची आपल्याला सवय नाही, असं त्या हसून म्हणत.

मला बसवून तीन आठवडे झाले आणि एक कोळंबी मेली. चार दिवसांनी दुसरी गेली. मग समुद्रफूल मिटलं. दीपा शाळेतून आली की दप्तरासकट टाकीपुढे बसायची. मिटलेल्या फुलाबाहेर ते मासे नुसते घुटमळत.

"बाबा, इज इट डाइंग?" तिने विचारलं.

दिगंबररावांनी पाणी तपासलं. त्यांच्या पेटीतल्या काचनळ्यांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं. त्यांनी पंप उघडला, पिंप धुतला, कागदावर पानंच्या पानं हिशेब मांडला. मी मात्र तिथेच होतो, दिमाखात. माझ्याकडे कोणी संशयाने पाहिलं नाही आणि मलाही स्वतःचा संशय आला नाही.

शनिवारी मालिनीबाई धुतलेले कपडे ड्रायरमध्ये टाकायला खाली आल्या. माझ्या जोडापाशी थेंबभर पाणी झिरपून वाळलं होतं. त्यांनी तिथे बोट लावलं. बोटाला हिरवट निळं लागलं. ते बोट तसंच धरून त्यांनी जिन्याखालून हाक मारली.

"अहो, खाली या. तुमचं पाणी कळकलंय."

दिगंबरराव आले. त्या म्हणाल्या, "बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवतं का कोणी? तुम्ही तर मिठाचं पाणी रात्रंदिवस पितळेतून फिरवताय."

दीपा जिन्यावर उभी होती. तिने विचारलं, "व्हॉट्स कळकलं?" त्या दोघांनी इंग्रजी शब्द शोधून पाहिला, पण काही सापडला नाही. दिगंबररावांचा चेहरा मात्र उतरला होता. खाऱ्या पाण्यात माझ्या पितळेतलं तांबं विरघळत होतं आणि पेटीतल्या काचनळ्या तांबं मोजतच नव्हत्या. मासे ते थोडंफार सोसतात; कोळंबीला आणि समुद्रफुलाला त्याचा अंशही सोसत नाही. एवढी वर्षं पाण्याचा दाब मोजणाऱ्या माणसाला कळलं नाही, ते त्या बाईंना एका बोटाने कळलं. मला त्यांचं आजही कौतुक वाटतं.

मित्रांनो, मी समजत होतो की मी पाण्याला वाट देतो. मी त्यात विष कालवत होतो. हे कळल्यावर मला माझ्या झळाळीची फार लाज वाटली.

त्याच दुपारी मला काढलं आणि माझ्या जागी दुकानातून आणलेला तो पांढरा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह बसला. दिखावा नाही, वजन नाही, पण खाऱ्या पाण्याला तो स्वतःमधलं काहीच देत नव्हता. मी कामाच्या टेबलावर पडून त्याच्याकडे आदराने पाहत राहिलो. दिगंबरराव बादल्या भरभरून पाणी बदलत होते, ताजं मीठ कालवत होते. आठ दिवस वरून काही बातमी आली नाही.

नवव्या दिवशी सकाळी दिवाणखान्यातून दीपाची हाक ऐकू आली. "आई, कम सी! इट्स नॉट कळकलं एनीमोर."

समुद्रफूल उमललं होतं.

मला कोणी फेकून दिलं नाही. दिगंबररावांनी मला परसातल्या नळीला लावलं. तिथे गोडं पाणी आणि मालिनीबाईंची मेथी. मिशिगनची थंडी पडायच्या आत ते दरवर्षी मला काढतात, आतलं पाणी झटकतात आणि जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवतात. पाहुण्यांना अजूनही ते माझ्याकडे आणतात आणि सांगतात, "व्हॉल्व्ह उत्तम आहे. चुकीच्या पाण्यात लावला, ती चूक माझी."

मित्रांनो, वस्तू निवडताना तिची चकाकी जरूर बघा, पण तिला कोणाच्या सोबत राहायचं आहे हेही विचारा. आणि चुकून ती भलत्या जागी बसली, तर तिला टाकून देऊ नका, तिची जागा शोधा. माझी जागा मला सापडली आहे. यंदाची मेथी गुडघाभर आली आहे.